तळपाय पाहिला : होय

अकरा चित्रं दाखवलीत तुम्ही, आणि अकराच्या अकरा गोऱ्या पाठींची.

संबोधीने मोजली होती. तुमच्या आरोग्य खात्याच्या त्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये दुसरं करण्यासारखं होतंच काय? एसी इतका की बाया पदर कानावरून घेऊन बसलेल्या, मागून कचोरीचा वास येतोय, आणि पडद्यावर कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाची दुधासारखी पाठ, तिच्यावर एक वेडावाकडा काळा तीळ. मग दुसरी पाठ. मग तिसरी. 'त्वचेचा कर्करोग : प्राथमिक स्तरावर ओळख.' पाऊण तासाचं सत्र, त्यातली पंधरा मिनिटं प्रोजेक्टरने खाल्ली. शेवटी संबोधीने हात वर केला. "सर, आपल्या कातडीवर हे कसं दिसतं?"

तुमचा वक्ता हसला. "सिस्टर, आपल्याकडे होतच नाही म्हणा ना. बहुत रेअर है. आपल्याला वरूनच सनस्क्रीन लावून पाठवलंय."

हॉल हसला. संबोधीही हसली. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत तिलाही सोडायचं नाहीये. तुम्हाला तर नाहीच नाही.

राऊच्या पुढे महूकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक वस्ती आहे, आणि वस्तीच्या तोंडाशी दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. संबोधी तिथे सात वर्षं नर्स. आजोबा महूच्या पलटणीतले. घरात बूट आणि बोलणं दोन्ही स्वच्छ ठेवायची रीत. अशा घरातली मुलगी. आणि ही मुलगी रोज साठ वेळा खोटं बोलायची.

कसं, ते ऐका. तुम्ही दवाखान्याला एक टॅब दिलात. शुगरचा पेशंट आला की टॅब प्रश्न विचारतो. वजन? बीपी? गोळ्या घेतो का? आणि मग : तळपाय पाहिला? होय किंवा नाही. 'नाही' दाबलं की कारण मागतो, कारण लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या तक्त्यात दवाखान्याचं नाव लाल रंगात येतं. आता तळपाय पाहायचा म्हणजे काय करायचं? पेशंटला चप्पल काढायला लावायची, बसवायचं, पाय उचलून स्टुलावर ठेवायचा, आपण खाली वाकायचं, उजेड धरायचा. दवाखान्यात स्टूल एक. त्याच्यावर बीपीचं मशीन. दारात सत्तर माणसं, आणि एक वाजता टॅब आपोआप बंद. म्हणून संबोधी पेशंटचा चेहरा बघायची, चपलेतली बोटं बघायची आणि दाबायची : होय. सगळेच दाबतात. तुम्हालाही ठाऊक आहे सगळेच दाबतात.

त्या सत्तरांत गयाबाई असायच्या. वय एकसष्ट. राऊच्या एका शाळेत लहान पोरांच्या वर्गाची बाई. दिवसभर उभं राहायचं, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे. नवरा चांगदेव महूच्या लष्करी वर्कशॉपात ड्रायव्हर होता, जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा प्रशिक पीथमपूरला कंपनीत. वस्तीतल्या अर्ध्या पोरांना गयाबाईंनी चड्डी घालायला शिकवलेलं, त्यामुळे रांगेत त्यांना कोणी मागे ठेवत नसे, आणि त्या कधी पुढे जात नसत.

"जय भीम, सिस्टर."

"जय भीम, मावशी. पाय जळतात का अजून?"

"जळतात? अगं, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझी तर रोज जाते आणि वर चहा पिऊन खाली येते."

शुगरवाल्यांचे तळपाय जळतात. वस्तीतल्या बायांचा त्यावर एक उपाय होता : मेंदी. नक्षीबिक्षी काही नाही, आख्ख्या तळव्याला जाड लेप. दर दुसऱ्या रविवारी गयाबाईंच्या ओट्यावर पाचसहा जणी जमायच्या. गयाबाई पाटा घेऊन बसायच्या, चहाच्या पाण्यात मेंदी वाटायच्या, आणि सगळ्या पाय पसरून दोन तास गावाची उणीदुणी काढायच्या. लेप धुतला की तळवे विटेसारखे लाल. आग खरंच थोडी शमायची. त्यात वाईट काही नव्हतं.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी गयाबाईंच्या उजव्या टाचेवर एक जागा जास्त गडद दिसायला लागली. लाल नाही, काळपट. जुन्या चवलीच्या नाण्याएवढी. बायांनी ती पाहिली आणि ओटा खिदळला. मेंदी जिला जास्त चढते तिच्यावर नवऱ्याचा जीव जास्त, हे तर सगळ्यांनाच माहीत.

"अगं बाई, चांगदेवदादांचा जीव अजून टाचेत अडकलाय!"

"जिवंतपणी कधी बोलले नाहीत ते. आता बघा कसे बोलतायत."

गयाबाई लाजल्या. एकसष्टाव्या वर्षी, नऊ वर्षांची विधवा बाई लाजली. त्यानंतर लेप लावताना त्या टाचेला दोन बोटं जास्त मेंदी लावायच्या. डाग वाढला, तर त्यांना बरंच वाटलं. दुखत तर नव्हता.

दिवाळीनंतर जागा जाड झाली, चालताना टोचायला लागली, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर देवेंद्र, शहरातल्या स्नेहलतागंज भागातल्या मराठी घरातला तिशीतला मुलगा, कंत्राटावर, सकाळी बसने येणारा, हुशार, सतत भुकेला. त्याने टेबलाच्या पलीकडून मान लांब करून मेंदीने रंगलेली टाच पाहिली. "कुरूप आहे, मावशी. दिवसभर उभ्या राहता ना?" ब्लेडने वरचं खरवडलं, पट्टी लावली. महिन्याने परत खरवडलं. रक्त जरा जास्त आलं. "गरम पाण्यात पाय ठेवा."

आणि संबोधी शेजारच्या खोलीत दाबत होती : होय.

मग फेब्रुवारीत गयाबाई शाळेच्या पायरीवर घसरल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर चढलं. पाटा बंद. दोन महिने मेंदी नाही. एप्रिलच्या एका सकाळी त्या आल्या तेव्हा चपलेचा पट्टा तुटलेला, आणि नुकतंच प्लास्टर निघालेल्या हाताने त्यांना तो जमेना.

"थांबा मावशी, मी अडकवते." संबोधी खाली बसली. चप्पल काढली. पाय हातात घेतला.

मेंदी उतरली होती. तळवा आपल्या मूळ रंगाला आलेला, फिकट, सुरकुतलेला. आणि टाचेवर तो डाग तसाच. रंग असता तर तोही उतरला असता की. संबोधीने पाय उजेडाकडे वळवला. कागदावर दौत लवंडावी तसा पसरलेला. एका बाजूला काळा, दुसरीकडे तपकिरी, कडेला निळसर झाक, आणि मधोमध वाटाण्याएवढी ओली, लालसर गाठ. बोट लावलं तर बोटाला रक्त.

"काय बघतेस गं एवढं?"

"काही नाही, मावशी."

तिने पट्टा अडकवला. उठली. टॅब उघडला आणि गयाबाईंच्या जुन्या भेटी मागे मागे सरकवल्या. मार्च, तळपाय पाहिला : होय. फेब्रुवारी, होय. जानेवारी, होय. चौदा महिने, चौदा होय, प्रत्येकापुढे तिचंच नाव. मागे नळावर जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, परत आली, परत गेली. खोलीत उभं राहवेना, बाहेर थांबवेना.

ती देवेंद्रच्या टेबलाशी गेली. "सर, गयाबाईंची टाच बघा."

"कुरूप ना? बघितलंय दोनदा."

"परत बघा."

"संबोधीजी, बाहेर चाळीस जण आहेत. काय वाटतंय तुम्हाला?"

"कॅन्सर."

तो थकल्यासारखा हसला. "टाचेला? अहो, रेअर गोष्टी रेअर असतात. म्हणून तर त्यांना रेअर म्हणतात. प्लीज, यार."

"सर, उठा."

सात वर्षांत ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. तो उठला. स्टुलावरचं बीपीचं मशीन तिने जमिनीवर ठेवलं, गयाबाईंना बसवलं, पाय वर घेतला, मोबाइलचा दिवा धरला. देवेंद्र वाकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मी याच्यावर दोनदा ब्लेड चालवलंय."

"तुम्हा दोघांची कुजबुज आणि माझा पाय हवेत," गयाबाई म्हणाल्या. "मेला का कोणी?"

"मावशी, शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवायला लागेल," देवेंद्र म्हणाला. "तुकडा काढून तपासतील."

"टाचेचा तुकडा? आणि चालू कशावर, तुमच्या डोक्यावर?"

आता तुमची यादी. मोठ्या रुग्णालयाचा कागद टॅबमधूनच निघतो आणि कागदासाठी आजार निवडावा लागतो. त्वचेच्या खाली तुम्ही सहा नावं ठेवलीत : बुरशी, खरूज, जखम, कुरूप, कुष्ठरोग संशयित, इतर. देवेंद्रने 'इतर' दाबलं. टॅबने उत्तर दिलं : निश्चित निदान नोंदवा. निदान कसं नोंदवणार, त्याच्यासाठीच तर पाठवायचंय! परत दाबलं. परत तेच. तालुक्याला फोन लावला, तिथला माणूस म्हणाला, "सर, अदर में डालोगे तो रिव्ह्यू में जाएगा. बीस-पच्चीस दिन. हाथ से लिखी पर्ची वहाँ चलती नहीं."

देवेंद्र पडद्याकडे बघत राहिला. संबोधीचं बोट पुढे आलं आणि तिने दाबलं : कुष्ठरोग संशयित.

कागद निघाला. त्वचाविभाग, परवाची तारीख, सकाळी दहा. असा सरसर निघाला की दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. कुष्ठरोगाला तुमच्याकडे घाई आहे, चांगली गोष्ट आहे. त्या घाईत हे दोघं एका बाईला लपवून पाठवत होते.

"हे चुकीचं आहे," देवेंद्र म्हणाला.

"माहितीये. परवा तिथे त्यांना खरं सांगू."

परवा उजाडलाच नाही नीट. कुष्ठरोगाची नोंद झाली की घरच्यांची तपासणी करायला माणूस येतो. तुमची ही एकच गोष्ट वेळेवर चालते. दुसऱ्याच दिवशी गळ्यात पिशवी अडकवलेला एक सज्जन वस्तीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्याने विचारत होता, "गयाबाई कौन? वो कोढ़ की जाँच वाली?" दुपारपर्यंत ओटा ओस पडला. पाटा उन्हात एकटा. संध्याकाळी शाळेतून फोन : बाई, थोडे दिवस आराम करा. आणि ज्या बायांनी वर्षभर त्याच टाचेवरून चेष्टा केली होती, त्या दाराआडून आपापले तळवे बघत होत्या.

ठरलेल्या सकाळी दहा वाजता गयाबाई रुग्णालयात पोहोचल्या नाहीत. संबोधी तिथे अकरापर्यंत उभी होती. मग बस पकडून सरळ वस्तीत आली.

दारात प्रशिक. शिफ्ट बुडवून घरी बसलेला. "ताई, आमच्या घरावर काय लिहून गेलात तुम्ही?"

"प्रशिक, मला आत येऊ दे."

"क्यों? आता काय राहिलंय? कंपनीत कळलं तर मला गेटवर थांबवतील. छत्तीस जणं एकत्र जेवतो कँटीनला, ताई."

आतून आवाज आला. "येऊ दे तिला. लागण व्हायची असेल तर होऊ दे."

गयाबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. संबोधी खाली फरशीवर बसली.

"मावशी, तुम्हाला कुष्ठरोग नाही."

"मग लिहिलंस का?"

"दुसरं लिहिलं असतं तर पंचवीस दिवस लागले असते."

"आणि पंचवीस दिवसांत काय होणार होतं?"

संबोधीच्या तोंडात शब्द होता, पण तो या बाईला अजून कोणी सांगितला नव्हता.

"बोल ना. पोरांसमोर बोलतेस तशी बोल, सुई टोचायच्या आधी. मुंगी चावणार म्हणतेस ना?"

"कॅन्सर असू शकतो, मावशी. कातडीचा. टाचेवरचा तो डाग."

प्रशिक दारातच खाली बसला. गयाबाई वळल्या. पाय उचलून मांडीवर घेतला, प्लास्टर निघालेल्या बारीक मनगटाने टाच उलटी केली आणि डागाकडे बघत राहिल्या. वर्षभर त्याला दोन बोटं जास्त मेंदी लावली होती.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे तर..." आणि थांबल्या. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की संबोधीने नजर वळवली.

"आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "दर महिन्याला येते मी. दर महिन्याला."

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. मेंदी होती, दिसलं नाही, डॉक्टरांनी कुरूप म्हटलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्हींआड लपता येत होतं.

"मी तुमचा पाय कधी पाहिलाच नाही," संबोधी म्हणाली. "चौदा वेळा लिहिलं, पाहिला म्हणून. एकदाही नाही पाहिला."

"एकदाही नाही?"

"त्या दिवशी चपलेचा पट्टा तुटला म्हणून पाहिला."

प्रशिक ताडकन उठला. "मतलब पट्टा तुटला नसता तर? ताई, मतलब पट्टा तुटला नसता तर?"

"ओरडू नकोस," गयाबाई म्हणाल्या. "बस खाली."

"आई, ही बाई तुझ्यासमोर बसून सांगतेय..."

"ऐकलं मी. कान आहेत मला, टाच खराब आहे."

त्यांनी पाय खाली ठेवला. "तू जा, सिस्टर. मी येणार नाही. चौदा वेळा खोटं लिहिलंस, पंधराव्यांदा महारोगी लिहिलंस. सोळाव्यांदा काय लिहिशील मला माहीत नाही आणि मला बघायचंही नाही."

संबोधी दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी. रोज एक वाजता टॅब बंद झाला की ती ओट्याशी. दार बंद. पाचव्या दिवशी ओटा झाडला. सहाव्या दिवशी स्वतःच्या चपला काढून त्या ओट्यावर पाय पसरून बसली, भर उन्हात, आख्ख्या वस्तीला दिसेल अशी. एकेक बाई दार किलकिलं करून बघू लागली. एकीने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटत?" संबोधी म्हणाली, "कसली? तिला महारोग नाहीये. मी खोटं लिहिलं होतं. या, बसा." दोघी आल्या. त्यातल्या एकीने आपले तळवे पुढे केले, "माझे बघ ना जरा." संबोधीने पाहिले. खरंच पाहिले.

आठव्या दिवशी दार उघडलं. गयाबाई इस्त्रीच्या साडीत, हातात पिशवी.

"दोन अटी," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदावरचं ते नाव पुसायचं. आणि त्याच्या जागी जे घडलं ते लिहायचं. सगळं. डॉक्टरच्या ब्लेडसकट, तुझ्यासकट."

"माझ्यासकट," संबोधी म्हणाली.

देवेंद्रही गेला. कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याला अर्धा दिवस कुलूप लावून, प्रशिकच्या मागे बाइकवर बसून गेला. त्वचाविभागातली डॉक्टर पूर्वा ही त्याच्याच वयाची, आवाज बसलेली, एका खोलीत चार पेशंट. कागदावर 'कुष्ठरोग' वाचून तिने पाय उलटा केला आणि भुवया वर गेल्या.

"हे कुष्ठरोग कोणी लिहिलं?"

"मी," संबोधी म्हणाली. "नाही तर कागद निघत नव्हता."

"खरवडलंय कोणी?"

"मी," देवेंद्र म्हणाला. "दोनदा."

डॉक्टर पूर्वाने दोघांकडे पाहिलं. "हे आपल्याकडे जेव्हा होतं तेव्हा बरेचदा इथेच होतं. तळव्याला, तळहाताला, नखाखाली. उन्हाशी फारसा संबंध नसतो त्याचा. आणि सगळे उशिरा येतात, कारण पाय उलटा करून कोणी बघत नाही." मग गयाबाईंकडे वळून म्हणाली, "आजी, सुई टोचेल."

"मुंगी चावल्यासारखं ना?" गयाबाई म्हणाल्या. "टोच. तीस वर्षं पोरांना मीच फसवलंय असं सांगून."

बारा दिवसांनी अहवाल आला. मेलानोमा. खोली साडेतीन मिलिमीटर. मे महिन्यात टाचेचा मोठा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतली एक गाठ काढून तपासली, तिच्यातही पेशी सापडल्या. पुढचे उपचार चालू आहेत. बरं होईल का, असं प्रशिक दर खेपेला विचारतो आणि डॉक्टर पूर्वा दर खेपेला म्हणते, "बघू या." वर्षभर आधी आणला असता तर, हा प्रश्न त्याने एकदाच विचारला.

गयाबाई वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. शाळेने परत बोलावलेलं नाही. बाया परत जमतात. पाटा आता दुसरी चालवते.

संबोधीने दोन्ही अटी लगेच पुऱ्या करायला घेतल्या. नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज दिला, त्यात काय घडलं ते सगळं लिहिलं, खाली देवेंद्रने आपली सही केली. त्या अर्जावर दोन महिन्यांनी तुमचा कागद आला. कारणे दाखवा नोटीस. कुष्ठरोगाची खोटी नोंद करून राष्ट्रीय आकडेवारी बिघडवली, तुमच्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करा.

फोनही आला तुमच्यातल्या एका साहेबांचा. गोड आवाज. "देखो सिस्टर, लिहून टाका की गलतीने बटन दबलं. बोट घसरलं. बात खतम. ते चौदा-बिदा कशाला उकरता? त्यात तुम्हीच अडकाल. नोकरी पक्की व्हायचीये ना अजून?"

"सर, बोट नाही घसरलं," संबोधी म्हणाली.

"अरे, समजा ना मेरी बात."

"समजली, सर. म्हणूनच लिहितेय."

देवेंद्र म्हणाला, "सातव्या दिवशी देऊ, घाई काय?" पण तिला बसवेना. तिने त्याच दुपारी, टॅब बंद झाल्यावर, बीपीच्या मशीनशेजारी कागद ठेवून लिहिलं. भाषा तिची आहे, मी शब्दही बदललेला नाही.

'महोदय, बोट घसरलं नाही. कुष्ठरोगाची नोंद मी जाणूनबुजून केली, कारण तुमच्या यादीत दुसरा रस्ता नव्हता. त्या नोंदीमुळे एका बाईची नोकरी गेली आणि वस्तीत बदनामी झाली. ती चूक माझी आहे, शिक्षा द्या.

'त्याआधी मी चौदा वेळा लिहिलं की तळपाय पाहिला. तो पाहिला नव्हता. अशाच नोंदींबद्दल या जानेवारीत तुम्ही दवाखान्याला शंभर टक्के तपासणीचं प्रशस्तिपत्र दिलंत. ते सोबत परत पाठवत आहे. चौदा खोट्या नोंदींनी तुमची आकडेवारी बिघडली नाही आणि एका नोंदीने बिघडली, हे कसं, ते कळवावं.

'मेपासून मी पेशंटचे पाय स्टुलावर घेऊन बघते. दिवसाला पंचवीसच होतात, म्हणून दवाखाना तुमच्या तक्त्यात लाल आहे. बाराशे अठरा जण झाले. दोघांबद्दल मला शंका आहे. सुशांत, वय बेचाळीस, गॅरेजमध्ये मिस्त्री : पायाच्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ. हातोडी पडली म्हणतो, पण हातोडीचं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. ही रेघ सरकत नाही आणि आता नखामागच्या कातडीत उतरली आहे. दुसऱ्या शोभनाबाई, वय अडुसष्ट : डाव्या तळव्यावर दोन रंगांचा डाग, सहा महिन्यांत दुप्पट झालेला. दोन्ही कदाचित काहीच नसतील. मी नर्स आहे, मला ते सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं त्याच्यापर्यंत त्यांना पोहोचवायचं आहे.

'दोघांना मी सोमवारी सकाळी नऊला बोलावलं आहे. "इतर" लिहिलं तर कागद महिनाभर अडकतो. "कुष्ठरोग" लिहिलं तर त्यांचं घर बसतं आणि मला नोटीस येते. काहीच न लिहिता दोघांना घरी पाठवलं, तर मला कोणीही काहीही विचारणार नाही.

'सोमवारी नऊ वाजता त्यांच्या कागदावर मी काय लिहू? लेखी उत्तर द्या. तुमच्या सहीचं.'